घरी बाळंत व्हायचं का? आधी दोन तासांचा हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा: चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात राहणाऱ्या एका ताईंना आठवा महिना चालू आहे. पहिलं बाळंतपण दवाखान्यात, नॉर्मल झालं. पण तिथे त्यांना एकटं ठेवलं, कळांनी ओरडल्या म्हणून रागावले, उताणं पडून राहायला लावलं. आजी, आई, सासूबाई सगळ्या घरीच बाळंत झालेल्या. गावातली सुईण हाताची चांगली आहे. दिवस आषाढात भरतात. घरी बाळंत होता येईल का, तयारी काय लागते, आणि गाडी वेळेवर आलीच नाही तर काय करायचं?

ताई, उत्तर आधी सांगते, कारणं मागून. तुमच्या गावातून ठरवून घरी बाळंत होऊ नका. पण घरी बाळंत व्हावं लागलं तर काय करायचं, याची तयारी मात्र आजपासून पूर्ण करून ठेवा. आषाढातली रात्र आणि भरलेला नाला, यापुढे कुणाचं ठरवलेलं चालत नाही.

तुमचं अंग हे काम करू शकणार नाही, असं मी म्हणत नाही. पहिलं बाळंतपण सरळ झालं असेल, एकच बाळ असेल, डोकं खाली असेल, रक्त चांगलं असेल, तर दुसरेपणी कळा लवकर आटोपतात आणि बाळ बहुतेक वेळा कुणी काही न करता येतं. सुईणही तुमच्या मनातला धीर टिकवेल. अडचण बाळ येईपर्यंतची नाही. ती बाळ आल्यानंतरच्या दोन तासांची आहे.

बाळंतपणात जिवावर बेतणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं घड्याळ वेगळं असतं. उपचार मिळाला नाही तर अडलेल्या बाळंतिणीला साधारण तीन दिवस मिळतात, झटके आलेल्या बाईला दोन, गर्भाची पिशवी (गर्भाशय) फाटली तर एक, जंतुसंसर्गात सहा. बाळ झाल्यानंतर वाहणाऱ्या रक्ताला मात्र दोन तास. हा रक्तस्राव ज्यांना होतो, त्यांतल्या कितीतरी जणींमध्ये आधी धोक्याचं कुठलंही लक्षण दिसलेलं नसतं. तपासण्या सगळ्या ठीक, बाळ रडलं, पेढे वाटायला माणूस निघाला, आणि मग पिशवी सैल पडते.

आता हे दोन तास तुमच्या घरून मोजा. रक्त जास्त जातंय हे ओळखायला दहा-पंधरा मिनिटं. १०८ ला फोन लागायला रेंज हवी. ती गावाबाहेरच्या टेकाडावर मिळत असेल तर तिथवर जायची मिनिटं. गाडी निघून गावापर्यंत यायची वेळ. रस्ता पाड्यापर्यंत नसेल तर झोळीत घालून रस्त्यावर आणायची वेळ. मग चोपड्याचं उपजिल्हा रुग्णालय. तिथे त्या रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त दोन्ही नसेल तर पुढे जळगाव. घरातल्या माणसांना बसवून हा हिशेब कागदावर लिहा. कोरड्या दिवसाचा एक, पावसाळी रात्रीचा एक. बेरीज तासाच्या आत येत असेल तर बोलण्यासारखं काही आहे. दीड-दोन तासांच्या पुढे जात असेल, तर सुईणीचा हात कितीही चांगला असला तरी तिच्याकडे रक्ताची पिशवी नाही.

इंग्लंडमधल्या बायका घरी बाळंत होतात, मग आपण का नाही, असं विचारतात. तिथला २०११ चा मोठा अभ्यास आहे, ६४ हजारांहून जास्त कमी जोखमीच्या बायकांचा. दुसऱ्या किंवा पुढच्या खेपेच्या बायकांत घरी आणि दवाखान्यात बाळाच्या धोक्यात फरक दिसला नाही. पहिलटकरणींत मात्र घरी ठरवलेल्या बाळंतपणात बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण हजारी ९.३ होतं, दवाखान्यात ५.३. आणि घरून सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के, तर पुढच्या खेपेच्या १२ टक्के बायकांना शेवटी दवाखान्यात हलवावं लागलं. म्हणजे घरचं बाळंतपण तिथे टिकतं ते हलवण्याच्या सोयीवर: प्रशिक्षित मिडवाइफ घरी, तिच्या सामानात इंजेक्शन आणि ऑक्सिजन, बोलावली की येणारी गाडी. आकडे आणायचे तर ही सगळी व्यवस्थाही सोबत आणावी लागेल.

काही जणींनी तर घरचा विचारच करू नये. आधी सिझर झालेलं, आधीच्या खेपेला रक्त जास्त गेलेलं किंवा वार अडकलेली, जुळं, पायाळू किंवा आडवं मूल, ३७ आठवडे भरायच्या आत कळा, बीपी १४०/९० किंवा वर, साखर, वार खाली असल्याचं सोनोग्राफीत आलेलं, चार-पाच बाळंतपणं झालेली. रक्तगट निगेटिव्ह असेल तर बाळाचा गट पाहून ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं. घरी बाळंत झालेल्या बायकांचं ते हटकून राहून जातं आणि त्याचा फटका पुढच्या मुलाला बसतो.

हिमोग्लोबिनचं नीट ऐका. ११ च्या खाली म्हणजे पंडुरोग, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. १२ हिमोग्लोबिनची बाई अर्धा लीटर रक्त गेलं तरी उठून बसते. ७ ची बाई तेवढ्यातच कोसळते. तुमच्या हातात अजून महिना-दीड महिना आहे. लोहाची गोळी रोज, चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर एका वेळी नको. लिंबू पिळलेलं वरण-भाजी चालेल. गोळीनं मळमळत असेल तर रात्री जेवून घ्या, पण सोडू नका. आठवा महिना संपताना पुन्हा तपासा. वाढलं नसेल तर शिरेतून लोह देता येतं, ते विचारा.

आणि सिकलसेल, आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यापासून चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्यापर्यंत भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी कुटुंबांत हा आजार आहे. अनेकींना तो असल्याचं पोटुशी राहिल्यावरच कळतं, कारण तोवर सांधे दुखणं आणि थकवा हे कामाचंच समजलं जातं. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातल्या रक्ताची सोल्युबिलिटी तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या तपासणीनं वाहक की रुग्ण ते ठरतं. वाहक बाईचं बाळंतपण सहसा इतर बायकांसारखंच होतं. रुग्ण असेल तर ऊन, तहान, थंडी, कळांचा थकवा, यातलं काहीही तिला एकदम खाली नेऊ शकतं. तिची जागा रक्तपेढी असलेल्या दवाखान्यातच.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येते. तुम्हाला घर हवंय कारण दवाखान्यात वाईट वागवलं. ही तक्रार रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी सोबतीला नात्यातली एक बाई ठेवायला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१६ पासून परवानगी दिलेली आहे. ती बाई शक्यतो स्वतः बाळंत झालेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, डॉक्टर-सिस्टरांच्या कामात तिनं हात घालू नये, अशा अटी आहेत. गावच्या सुईणीला सोबत राहू देतील का ते विचारा, आणि देत असतील तर तिलाच न्या. पाठ चोळणं, पाणी पाजणं, नाव घेऊन धीर देणं हे तिचं काम ती तिथेही करेल, आणि रक्त थांबवायचं काम ज्यांच्याकडे औषधं आहेत ते करतील. आधी एकदा जाऊन सिस्टरांना भेटा आणि स्पष्ट विचारा: सोबत बाई राहू द्याल ना? कळांमध्ये फिरू द्याल ना? कुशीवर किंवा उकिडवं बसून बाळंत होता येईल का? रात्री भूलतज्ज्ञ असतो का, रक्त ठेवलेलं असतं का? उत्तरं पटली नाहीत तर दुसरी जागा पाहायला अजून वेळ आहे.

पैशाची भीती असेल तर सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि ने-आण २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे. तिथे तारखेच्या काही दिवस आधी घरच्या एका बाईसह जाऊन राहता येतं. तुमच्या केंद्रात आहे का, ते आशाताईंना विचारा. नसेल तर चोपड्यात कुणी मावशी, नणंद असेल तिच्याकडे तारखेच्या आठ-दहा दिवस आधी मुक्काम हलवा. नर्मदाकाठच्या गावांतून, जिथे पावसाळ्यात बोटीशिवाय वाट नाही, तिथल्या बायकांनी तर हे करायलाच हवं. दुसऱ्या खेपेला कळा दर दहा मिनिटांनी नियमित येऊ लागल्या किंवा पाणमोट फुटली की निघा; पाच मिनिटांवर येण्याची वाट पाहण्याइतका तुमचा रस्ता छोटा नाही.

एवढं करूनही गाडी आली नाही, किंवा सगळं ऐकून घेऊन तुम्ही घरीच थांबलात, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी, सुईणीसाठी आणि घरातल्या एका शांत डोक्याच्या माणसासाठी आहे. आशाताईंपासून लपवू नका. घरी बाळंत होणं गुन्हा नाही, आणि त्यांना माहीत असेल तरच त्या धावून येतील. आजच उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरांना दोन गोष्टी विचारा: डिलिव्हरी किट मिळेल का, आणि बाळ झाल्यावर रक्त जास्त जाऊ नये म्हणून घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या मिळतील का. या गोळ्यांवर पुढे येते.

सामान ज्येष्ठातच तयार करा, कारण आषाढात कपडे वाळत नाहीत. मऊ सुती लुगडं किंवा धोतराचे आठ-दहा तुकडे साबणानं धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून, धुतलेल्या कापडात गाठोडं बांधा. त्यातले तीन फक्त बाळासाठी, सोबत टोपी. दोन मीटर नवा प्लास्टिकचा कागद. पाकीटबंद नवं ब्लेड, एक नव्हे दोन. जाड सुती दोऱ्याचे वीतभर लांबीचे तीन तुकडे, वेळेवर वीस मिनिटं उकळायचे. नवी साबणाची वडी, हातमोजे असतील तर उत्तम, टॉर्च आणि सेल, चार्ज केलेला फोन, घड्याळ, वारेसाठी झाकणाचं भांडं. माता-बाल संरक्षण कार्ड याच गाठोड्यात. शिवाय तुमच्या गटाचं रक्त देऊ शकतील अशा दोन माणसांचे फोन नंबर.

खोली झाडून, जनावरं बाहेर बांधून, चूल आणि धूर लांब. कळांमध्ये उभं राहा, फिरा, खांबाला किंवा नवऱ्याच्या खांद्याला धरून झुका. दर दोन तासांनी लघवी करा. भरलेली लघवीची पिशवी बाळाची वाट अडवते आणि नंतर रक्तही वाढवते. पाणी, ताक, पातळ पेज घोटघोट चालू ठेवा. पावसाआधीच्या उकाड्यात कळा देणाऱ्या बाईचं अंग झपाट्यानं सुकतं आणि मग कळाच मंदावतात.

काय करू नये, ते इथे जास्त महत्त्वाचं. पिशवीचं तोंड किती उघडलंय ते पाहायला कुणीही आत हात घालू नये. नख आणि कातडीवरचे जंतू थेट पिशवीत जातात, आणि तोंड किती उघडलंय हे कळून घरी करण्यासारखं काही नसतं. तेल आत सोडू नये. एरंडेल पाजू नये. पोटावर गुडघा किंवा कोपर दाबून बाळ ढकलू नये, पिशवी फाटते. आणि गावात येऊन ‘कळांचं इंजेक्शन’ देणाऱ्या माणसाला दारात उभं करू नका. बाळ व्हायच्या आधी स्नायूत दिलेलं ऑक्सिटोसिन परत काढता येत नाही. पिशवी आवळून बसते, बाळाचा श्वास कोंडतो, कधी पिशवीच फाटते. तेच औषध बाळ झाल्यानंतर जीव वाचवतं. शिवाय ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. जळगाव-भुसावळच्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात खिशात फिरलेल्या कुपीत जोर किती उरला असेल, याचा भरवसा देता येत नाही.

जोर देण्याची घाई नको. आपोआप जोर येऊ लागला की मगच द्या. उकिडवं, गुडघ्यांवर, कुशीवर, जे सोसवेल ते. डोकं दिसू लागल्यावर कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ कापड मायांगाखाली धरलं की कातडी ताणायला मदत होते. डोकं बाहेर येताना जोर थांबवून तोंडानं धापा टाका. एका झटक्यात आलेलं डोकं खालपर्यंत फाडतं. सुईणीनं हात कोपरापर्यंत साबणानं धुतलेले असावेत, बांगड्या काढलेल्या, नखं कापलेली. डोकं आल्यावर मानेभोवती नाळ आहे का बोटानं पाहायचं. सैल असेल तर डोक्यावरून काढायची, घट्ट असेल तर कापायची नाही, बाळाला तशीच वाट द्यायची.

डोकं आलं आणि पुढच्या कळेला खांदे आले नाहीत, तर डोकं ओढायचं नाही. बाईला उताणं करून दोन्ही गुडघे छातीकडे घट्ट दुमडायचे आणि दुसऱ्या माणसानं जांघेच्या हाडाच्या वर, ओटीपोटात, तळव्यानं दाबायचं. बेंबीच्या वर नव्हे. तरी नाही तर बाईला चार पायांवर करायचं. बहुतेक खांदे एवढ्यानं सुटतात.

बाळ आलं की सरळ आईच्या उघड्या पोटा-छातीवर, कापडानं पुसून कोरडं करायचं, ओलं कापड टाकून दुसरं पांघरायचं, डोक्यात टोपी. याला मिनिट लागतं, आणि यातच बहुतेक बाळं रडतात. रडलं नाही तर पाठ चोळा, तळपाय चोळा, आधी तोंड मग नाक कापडानं पुसा. मिनिटभरात श्वास नसेल तर बाळाला सपाट जागी, हनुवटी किंचित वर करून, त्याचं नाक-तोंड आपल्या तोंडानं झाकून फक्त गालातली हवा फुंका. छाती उचलली पाहिजे, एवढंच मोजमाप. मिनिटाला साधारण चाळीस वेळा. उलटं टांगणं, चापट्या मारणं, गार पाणी शिंपडणं, कांदा हुंगवणं, वार निखाऱ्यावर तापवणं, यात फक्त मिनिटं जातात.

रडणाऱ्या बाळाची नाळ एक ते तीन मिनिटं, ठोके थांबेपर्यंत, कापू नका. तेवढ्यात बाळाला वारेतलं रक्त मिळतं आणि पुढचे काही महिने लोह पुरतं. मग बेंबीपासून दोन-तीन बोटांवर पहिली गाठ, आणखी दोन-तीन बोटांवर दुसरी, मध्ये नव्या ब्लेडनं काप. कापलेल्या टोकातून रक्त झिरपत असेल तर तिसरा दोरा पहिल्या गाठीच्या अलीकडे. नाळेवर काहीही लावायचं नाही: राख, शेण, हळद, तेल, काजळ, पावडर काही नाही. भारतातून नवजात बाळाच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं ते धनुर्वाताच्या लशी आणि स्वच्छ बाळंतपणांमुळे. शेणातला जंतू कुठेही गेलेला नाही.

आता ते दोन तास. आधी पोटावर हात ठेवून दुसरं बाळ नाही ना, याची खात्री. मग सिस्टरांनी आधी देऊन ठेवल्या असतील तर मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या, म्हणजे ६००, पाण्याबरोबर. वार पडायची वाट पाहायची गरज नाही. थंडी वाजेल, ताप चढेल, ते तासा-दोन तासांत उतरतं. बाळ व्हायच्या आधी यातली एकही गोळी पोटात जाता कामा नये. म्हणून त्या घरातल्या कुणाकडे आहेत आणि केव्हा द्यायच्या, हे आधी ठरवा.

बाळाला छातीला लावा; चोखण्यानं पिशवी आवळते. वार सुटल्याची खूण म्हणजे नाळ थोडी लांबते, थोडं रक्त एकदम येतं, पोट वर गोल होतं. तेव्हा उकिडवं बसून हलका जोर द्या. नाळ ओढायची नाही. ओढली तर नाळ तुटते, नाहीतर पिशवी उलटी होऊन बाहेर येते आणि बाई काही मिनिटांत थंडगार पडते. आलेली वार ताटात पसरून पाहा: कडा पूर्ण आहे का, एखादा तुकडा निघाल्यासारखा खड्डा आहे का. दवाखान्यात जायची वेळ आली तर ती पिशवीत घालून सोबत न्या. अर्ध्या तासात वार आली नाही तर रक्त नसलं तरी निघायचं. रक्त वाहत असेल तर अर्धा तासही थांबायचं नाही.

वार पडल्यावर बेंबीच्या खाली हात ठेवा. पिशवी नारळासारखी टणक लागली पाहिजे. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी, दुसरा तास दर अर्ध्या तासानं एका माणसानं फक्त हेच पाहायचं, आणि खालचं कापडही. सगळं घर बाळाभोवती जमतं आणि बाई कोपऱ्यात गोधडीखाली वाहत राहते. मरण बहुतेक वेळा असंच येतं. म्हणून हे काम एका माणसाला नेमून द्या. मोजमाप सोपं ठेवा: अर्धा तांब्या म्हणजे साधारण अर्धा लीटर, त्याहून जास्त रक्त म्हणजे धोका. पंधरा मिनिटांच्या आत एक जाड घडी पूर्ण भिजली, धार लागली, मुठीएवढ्या गाठी आल्या, बाईला घाम, चक्कर, तहान, घाबरं झालं, तर थांबायचं नाही.

तेव्हा एकाच वेळी चार गोष्टी: एकानं १०८ ला फोन. एकानं पिशवी बेंबीखाली तळव्यानं गोल गोल चोळायची, टणक होईपर्यंत आणि नंतरही. लघवी करवायची. बाळ छातीला. पिशवी टणक आहे आणि तरीही लाल रक्त येतंय तर ते फाटलेल्या जागेचं आहे; तिथे स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरायची. गोळ्या दिल्या असतील तर स्वतःच्या मनानं आणखी देऊ नका. वाटेत बाई कुशीवर, पाय थोडे उंच, अंगावर पांघरूण, पिशवीवरचा हात उचलायचा नाही.

याशिवाय पुढच्या गोष्टी दिसल्या तर बाळ व्हायची वाट न पाहता निघा: हिरवं किंवा घाण वासाचं पाणी, कळा चालू असताना लाल रक्त, डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, पाणमोट फुटून बारा तास झाले आणि कळा नाहीत, जोर देऊन दुसऱ्या खेपेला दोन तास झाले तरी बाळ नाही. नाळ आधी बाहेर दिसली तर बाईला गुडघे-छातीवर, कुल्ले उंच ठेवून न्या. नाळ आत ढकलू नका.

बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजा. चीक पिळून टाकू नका. मध, गुळाचं पाणी, बाळगुटी नको. चोवीस तास अंघोळ नको. धडगाव-तोरणमाळच्या थंडीत न्हाऊ घातलेलं बाळ तासाभरात गार पडतं. उलट मे महिन्यात बाजेखाली शेगडी ठेवून आणि खिडक्या बंद करून आई-बाळ दोघांनाही शेकणं हे तापाचं कारण होतं. ओव्याची धुरी तर बाळाच्या छातीतच जाते. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा खुशाल खा, पाणी मात्र कमी करू नका.

घरच्या बाळंतपणाचं सगळ्यात जास्त राहून जाणारं काम म्हणजे बाळाची पहिल्या दिवसाची इंजेक्शनं. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस चोवीस तासांच्या आतच द्यायचा असतो, रक्तस्राव टाळण्यासाठी व्हिटॅमिन के तेव्हाच, सोबत पोलिओचा शून्य डोस आणि बीसीजी. म्हणून चोवीस तास उलटायच्या आत बाळ-बाळंतीण दोघांना उपकेंद्रात न्या किंवा सिस्टरांना बोलवा. वजन अडीच किलोच्या खाली असेल तर बाळ आईच्या छातीवर उघडं, वरून पांघरलेलं, दिवसरात्र. पहिल्याच दिवशी पिवळं पडलं, दूध ओढेना, गार किंवा गरम लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली तर पाचवीची पूजा होईपर्यंत थांबू नका. घरी झालेल्या बाळासाठी आशाताईंच्या सात भेटी ठरलेल्या आहेत: पहिला, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. त्या आल्या नाहीत तर बोलवा. तुमच्यासाठीही बेचाळीस दिवस ताप, घाण वासाचा स्राव, पुन्हा वाढलेलं रक्त, पोटरीत सूज आणि दुखणं, डोकेदुखी या खुणा लक्षात ठेवा. झटके बाळंत झाल्यानंतरही येतात.

जन्माची नोंद घरी झालेल्या बाळाची आपोआप होत नाही. घरातल्या मोठ्या माणसानं ग्रामपंचायतीत जाऊन २१ दिवसांच्या आत कळवायची, तोवर फी नाही. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि शाळेच्या दाखल्यापासून जातीच्या दाखल्यापर्यंत सगळं अडतं. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांनी निघायच्या आधीच हे उरकावं. नाव ठरलं नसलं तरी नोंद करा. नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं.